सुटण्याची वेळ

1974 साली ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे मालक चार्ली फिन्ली यांनी हर्ब वॉशिंग्टन नावाच्या धावपटूला करारबद्ध केलं. वॉशिंग्टन कमी पल्ल्याच्या इनडोअर शर्यतींतला जागतिक विक्रमवीर. त्याने बॅट हातात धरायची नव्हती, क्षेत्ररक्षणही करायचं नव्हतं. सामना अटीतटीला आला की दुसऱ्या कुणाच्या जागी बेसवर उभं राहायचं आणि पळायचं, एवढंच त्याचं काम. दोन हंगामांत तो 105 सामन्यांत उतरला. बेस चोरण्याचा त्याने 48 वेळा प्रयत्न केला. 31 वेळा जमलं, 17 वेळा तो बाद झाला. 1974 च्याच वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात, शेवटच्या इनिंगमध्ये, संघ एका धावेने मागे असताना त्याला पहिल्या बेसवर उतरवलं. प्रतिस्पर्धी डॉजर्स संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, माइक मार्शल याने झर्रकन वळून चेंडू पहिल्या बेसवर फेकला आणि वॉशिंग्टन पळायच्या आतच बाद झाला.

आता दुसरा माणूस. जॉश नेलर हा अंगाने जाडजूड फलंदाज. अमेरिकेच्या मेजर लीग या अव्वल बेसबॉल स्पर्धेत आता प्रत्येक खेळाडूचा धावण्याचा वेग कॅमेऱ्यांनी मोजला जातो, आणि त्या यादीत नेलर अगदी तळाशी असतो. या माणसाने 2025 च्या हंगामात 30 बेस चोरले आणि तो बाद झाला फक्त दोनदा.

या दोघांच्या आकड्यांत जे अंतर आहे त्याबद्दल मला लिहायचं आहे. कोकणातल्या मिठबावात बसून बेसबॉलबद्दल का लिहावं, असं कुणी विचारेल. आमच्या गावात बेसबॉल कुणी खेळत नाही. पण गजबादेवीच्या टेकडीखालच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी पोरं अंगठ्याने रेघा ओढून कबड्डीचं मैदान आखतात, पलीकडे तांबळडेगच्या बाजूला टेनिस चेंडूचं क्रिकेट चाललेलं असतं, आणि वॉशिंग्टन व नेलर यांच्यातला फरक तिथेही रोज दिसतो. शर्यतीत पहिला येणारा पोरगा चढाईला गेला की पकडला जातो. शाळेच्या शर्यतीत ज्याला कुणी विचारत नाही तो गुण घेऊन परततो. माझं म्हणणं असं की पुढच्याच्या ताब्यातली जागा चोरून घेण्याचं कसब पायांत थोडं आणि पाहण्यात व ठरवण्यात पुष्कळ असतं. ते शिकवता येतं, आणि आपण ते शिकवत नाही. पोरगा चलाख निघाला तर त्याच्यात ते उपजतच आहे म्हणतो, नाहीतर त्याला पकडीला उभा करून मोकळे होतो.

बेसबॉल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं खुलाशाने सांगतो. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, दोन बेसमध्ये 90 फूट, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर अंतर. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला की तो धावक होतो. मागून येणाऱ्या फलंदाजाने चेंडू टोलवला तर त्याला पुढे जाता येतंच. पण तशी वाट न पाहता, पिचर चेंडू टाकत असतानाच तो दुसऱ्या बेसकडे पळू शकतो. यालाच बेस चोरणं म्हणतात. पिचरचा चेंडू फलंदाजामागे बसलेल्या कॅचरने पकडायचा, उठून दुसऱ्या बेसवर फेकायचा, तिथल्या खेळाडूने तो झेलून धावकाच्या अंगाला लावायचा. त्याआधी धावकाचा हात किंवा पाय बेसला लागला तर ती जागा त्याची.

यातलं गणित पाहण्यासारखं आहे. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरकडे जायला साधारण 1.3 सेकंद लागतात. कॅचरने पकडून तो दुसऱ्या बेसवर पोचवायला साधारण 2 सेकंद. झाले 3.3. धावक बेसला चिकटून उभा नसतो, तो आधीच बारा-एक फूट पुढे सरकलेला असतो. उरलेलं अठ्याहत्तर फुटांचं अंतर चांगला धावक साडेतीन सेकंदांच्या आतबाहेर कापतो. म्हणजे दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत आहेत आणि निकाल लागतो तो एक-दोन दशांश सेकंदांवर. एवढा वेळ पायांचा वेग वाढवून मिळवायचा तर वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो, आणि तरीही मिळेलच असं नाही. पिचरची हालचाल एक दशांश सेकंद आधी ओळखली तर तो एका क्षणात मिळतो. नेलर जिंकतो तो इथे. वॉशिंग्टन पळायला लागल्यावर कुणाच्याही पुढे गेला असता, पण कधी पळायचं हे त्याला कळत नव्हतं. शर्यतीत पिस्तूल वाजतं, इथे ते वाजत नाही.

ते बारा फूट हीच खरी परीक्षा. जितकं पुढे सरकाल तितकं पुढचं अंतर कमी, पण पिचरने वळून पहिल्या बेसवर फेकलं तर परतीची वाट तितकीच लांब. धावकाचं वजन दोन्ही पायांवर सारखं हवं, कारण कुठल्या दिशेला झेप घ्यायची आहे हे त्यालाच अजून ठाऊक नसतं. उजव्या हाताच्या पिचरची पाठ पहिल्या बेसकडे येते, म्हणून धावक त्याच्या टाचा न्याहाळत असतो. मागच्या पायाची टाच आधी उचलली गेली तर तो वळून पहिल्या बेसवर फेकणार. पुढचा पाय आधी हलला तर चेंडू फलंदाजाकडे जाणार. डावखुरा पिचर मुळातच पहिल्या बेसकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्यासमोर चोरी करणं अवघड.

कबड्डी खेळलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर असते, म्हणजे बारा फुटांहून किंचित पुढे. बेसबॉलच्या धावकाइतकंच अंतर निघावं हा योगायोग. पण माणसाच्या देहाला जितकं पुढे जाऊन एका झेपेत परत फिरता येतं तेवढंच हे अंतर आहे, असं मला वाटतं. निदान रेषेपुढे आणखी एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हा चढाई करणाऱ्याने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा, त्याच वेळी दुसरा पाय हवेत हवा, आणि मग दम न सोडता घरी परतायचं. कुणालाही हात लावलेला नाही, कुणाला बाद केलेलं नाही, तरी एक गुण चोरलेला असतो.

आमच्या पुळणीवरचा एक पोरगा हे ज्या पद्धतीने करतो ते मी जवळून पाहिलं आहे. अंगाने बारीक, आठवी-नववीतला. तो आत शिरतो तो डाव्या कोपऱ्याच्या गड्याकडे तोंड करून. दोन-तीन वेळा उजवा पाय पुढे टाकून तो मागे घेतो. दर वेळी त्या पायावर वजन देतोय असं दाखवतो, पण वजन मागच्या पायावरच असतं. ओल्या वाळूत हे खोटं बोलता येत नाही. उमटलेलं पाऊल उथळ की खोल, ते जवळ बसलेल्याला दिसतं, आणि त्याची पुढची पावलं उथळच असतात. कोपऱ्याच्या गड्याला घोटा धरायचा असतो; घोटा धरता येतो तो वजन असलेल्या पायाचा, हलका पाय हातातून निसटतो. कोपऱ्याचा गडी एकदा फसतो, दुसऱ्यांदा कंटाळतो आणि सरळ उभा राहतो. सरळ उभं राहणं म्हणजे टाचा जमिनीवर टेकणं. त्या क्षणी पोरगा खरंच वजन टाकतो, पाय रेषेपार जातो, मागचा पाय हवेत, आणि कोपऱ्याचा गडी खाली वाकेपर्यंत तो वळलेला असतो. शाळेच्या शंभर मीटरच्या शर्यतीत हा पोरगा पहिल्या पाचांत येत नाही.

मुंबईच्या गिरणगावात उमेदीच्या काळात कबड्डी खेळलेले आणि आता गावी परतलेले एक आजोबा कधीकधी किनाऱ्यावर येऊन बसतात. पकडीला उभ्या राहिलेल्या पोरांना ते ओरडून सांगतात, "पायांका काय बघतंस रे झिला? कंबरेक बघ. पाय फसवतत, कंबर फसवणा नाय." चढाई करणारा पायांनी कितीही हुलकावण्या देवो, कंबर जिकडे वळते तिकडेच तो जाणार. हीच गोष्ट बेसबॉलचे प्रशिक्षक टाच, गुडघा, खांदा अशी अवयवांची नावं घेऊन सांगतात. देहाचा कुठला भाग खोटं बोलू शकतो आणि कुठला बोलू शकत नाही याचं हे ज्ञान आहे. आजोबांकडे ते आहे. ते कुठे लिहून ठेवलेलं नाही, कुठल्या शाळेच्या तासाला शिकवलं जात नाही, आणि त्यांच्या पिढीबरोबर ते निघून जाईल याची मला खरोखर काळजी वाटते.

अमेरिकेत हे ज्ञान एकाने दुसऱ्याला मुद्दाम दिलं. सेंट लुईस कार्डिनल्सचा लू ब्रॉक हा 8 मिलिमीटरचा लहान मूव्ही कॅमेरा घेऊन प्रतिस्पर्धी पिचरांचं चित्रीकरण करायचा. घरी जाऊन ते पुन्हा पुन्हा पाहायचा. कुणाचा खांदा आधी झुकतो, कोण किती वेळ चेंडू हातात धरून थांबतो, याची टिपणं काढायचा. 1974 साली, वयाच्या पस्तिशीत, त्याने 118 बेस चोरले. त्या वयात पाय जलद होत नसतात. त्याचं पाहणं जलद झालं होतं. त्याआधी 1962 साली डॉजर्सच्या मॉरी विल्सने 104 बेस चोरून आधुनिक बेसबॉलमध्ये शंभरचा आकडा पहिल्यांदा ओलांडला होता. हाच विल्स पुढे धावकांना शिकवू लागला आणि त्याच्या हाताखाली डेव्ह रॉबर्ट्स नावाचा एक खेळाडू तयार झाला. एक दिवस असा येईल की तू पळणार हे मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक असेल आणि तरीही तुला पळावं लागेल, असं विल्सने त्याला सांगून ठेवलं होतं.

तो दिवस 17 ऑक्टोबर 2004 रोजी आला. बोस्टन रेड सॉक्स न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या मालिकेत 0-3 असे मागे होते. चौथ्या सामन्यातही नवव्या इनिंगमध्ये 3-4 अशी पिछाडी. समोर मारियानो रिव्हेरा, त्या काळचा शेवटच्या इनिंगचा सर्वांत भरवशाचा पिचर. रॉबर्ट्सला पहिल्या बेसवर बदली धावक म्हणून उतरवलं तेव्हाच तो कशासाठी आला आहे हे सगळ्या स्टेडियमला कळलं. रिव्हेराने लागोपाठ तीनदा पहिल्या बेसवर चेंडू फेकला, आणि तिन्ही वेळा रॉबर्ट्स परत बेसवर पोचला. पुढे त्याने सांगितलं की त्या तीन फेकांनी त्याची थंडी आणि दडपण दोन्ही गेलं, अंग मोकळं झालं. रिव्हेराने फलंदाजाला पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. कॅचर होर्हे पोसादाची फेक चांगली होती, डेरेक जीटरने चेंडू लावलाही वेळेत, पण रॉबर्ट्सचा हात काही इंच आधी पोचला होता. पुढच्या फटक्यावर तो धाव घेऊन घरी आला, बरोबरी झाली, बाराव्या इनिंगमध्ये बोस्टनने सामना जिंकला, मग मालिका, आणि मग 1918 नंतरची पहिली वर्ल्ड सीरिज. रॉबर्ट्स आज डॉजर्सचा व्यवस्थापक आहे. 2024 मध्ये त्याच्याच संघातून शोहेई ओहतानीने 54 होमरन मारून वर 59 बेस चोरले.

विल्सकडून रॉबर्ट्सकडे आलेली ही परंपरा मी मुद्दाम सविस्तर सांगितली. आपल्याकडे अशी गोष्ट उपजत मानली की शिकवण्याची जबाबदारी संपते. तिकडच्यांनी ती विद्या मानली, आणि विद्या म्हटली की गुरू लागतो, अभ्यास लागतो, कॅमेरा लागतो.

खो-खोतही हेच आहे, ते थोडक्यात सांगतो. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की उलटं फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही करता येतं. म्हणून चांगला संरक्षक वेगाने पळत नाहीच. साखळी खेळताना तो खो कुणाला मिळणार हे बसलेल्यांच्या खांद्यांवरून ताडतो आणि अर्धं पाऊल आधी वळतो. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. कर्णधार होते प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. ज्या मातीत हे घडलं तिथे हे कसब दुर्मीळ नाही, एवढं यावरून म्हणता येतं.

आता क्रिकेटकडे येतो, कारण इथे एक नैतिक गुंता आहे आणि तो सोडवल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही.

13 डिसेंबर 1947. सिडनीतली दुसरी कसोटी. विनू मांकड गोलंदाजी करत होते आणि पलीकडच्या टोकाचा ऑस्ट्रेलियन फलंदाज बिल ब्राउन चेंडू पडायच्या आतच क्रीझ सोडून पुढे निघाला होता. मांकडांनी चेंडू न टाकता यष्ट्या उडवल्या. त्याआधी दौऱ्यावरच्याच एका सामन्यात त्यांनी ब्राउनला असंच बाद केलं होतं, त्या वेळी आधी ताकीदही दिली होती. ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांतून मांकडांवर टीका झाली. डॉन ब्रॅडमन त्या सामन्यात विरुद्ध संघाचे कर्णधार होते, आणि त्यांनी मात्र मांकडांची बाजू घेतली. तरीही पुढची पंचाहत्तर वर्षं असं बाद करण्याला मांकडांचंच नाव चिकटून राहिलं, आणि तेही हिणवण्यासारखं. 24 सप्टेंबर 2022 रोजी लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने शार्लट डीनला याच पद्धतीने बाद केलं तेव्हा इंग्लंडमध्ये पुन्हा तोच गदारोळ झाला. त्याच वर्षी क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसीने हा नियम ‘अनुचित खेळा’च्या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात घातला.

बेसबॉलच्या माणसाला हा वाद कळणारच नाही. तिथे धावकाने बेस सोडून पुढे सरकणं हे त्याचं कौशल्य, आणि त्याला टिपणं हे पिचरचं. एकाने धोका पत्करला, दुसऱ्याने तो ओळखला; यात कुणी कुणाचा अपराध केलेला नाही. वर्ल्ड सीरिजमध्ये वॉशिंग्टनला टिपल्याबद्दल मार्शलला कुणी दोष दिला नाही, उलट वाखाणलं. क्रिकेटने मात्र पुढे सरकणाऱ्याला सभ्य मानलं आणि त्याला पकडणाऱ्याला असभ्य. दोन क्रीझमधलं 58 फुटांचं अंतर पाच-सहा फुटांनी कमी करून घेणारा फलंदाज तीन दशांश सेकंद चोरतो, आणि ते त्याने चोरावेतही, अशी माझी भूमिका आहे. पण मग त्याला पकडण्याचा हक्कही गोलंदाजाला तितकाच मनमोकळेपणाने द्यायला हवा. नियमाने तो दिला आहे. मनाने अजून दिलेला नाही.

आमच्याकडच्या टेनिस चेंडूच्या सामन्यांत यावरून दरवर्षी भांडणं होतात. कोरड्या वाळूत चेंडू मरतो, हलकासा तटवला तरी तो तिथेच थांबतो, त्यामुळे पुळणीवरचं क्रिकेट हे चोरट्या धावांचंच क्रिकेट आहे. गोलंदाजाने पलीकडच्याला यष्टीवर टिपलं की दोन्ही बाजूंचे मोठे लोक मैदानात उतरतात, ‘असं खेळून जिंकायचं असेल तर’ वगैरे सुरू होतं आणि पोरं गोंधळून बघत राहतात. पोरांनी काय शिकायचं यातून? चोरी करणं ठीक, पण पकडणं लाजिरवाणं, हे? कबड्डीत पकड करणाऱ्याला आपण खांद्यावर घेतो. त्याच पोराने दुसऱ्या दिवशी क्रिकेटमध्ये पुढे सरकलेल्याला टिपलं तर त्याला खाली मान घालायला लावतो. हे चुकीचं आहे, आणि मोठ्यांनी ते आपल्यापासून सुधारायला हवं. पुढे सरकण्याची हिंमत आणि सरकलेल्याला ओळखण्याची नजर ही एकाच विद्येची दोन अंगं आहेत. एक दाबलं की दुसरं आपोआप खुंटतं. बाद होण्याची भीती नसलेला फलंदाज पुढे सरकताना विचारच करत नाही, आणि विचार न करता मिळालेली धाव कुणाला काही शिकवत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. रिकी हेंडरसन हा बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा चोर. कारकिर्दीत 1406 बेस. दुसऱ्या क्रमांकावरच्या ब्रॉकचे 938. एका विमानाचं सावकाश, अलगद उतरणं पाहून तो पोटावर घसरत बेस गाठण्याची आपली पद्धत शिकला, असं तो सांगायचा: वरून आदळायचं नाही, जमिनीलगत येऊन मगच टेकायचं. 1982 च्या हंगामात त्याने 130 बेस चोरले, आणि आधुनिक बेसबॉलमधला तो विक्रम अजून कुणाला मोडता आलेला नाही. त्याच हंगामात तो 42 वेळा पकडला गेला. कारकिर्दीत एकूण 335 वेळा. चोरी करताना सर्वाधिक वेळा पकडला गेलेला खेळाडू हा विक्रमही हेंडरसनच्याच नावावर आहे.

या आकड्याकडे आपल्या क्रीडाशिक्षकांनी, मंडळांच्या कार्यकर्त्यांनी आणि आईवडिलांनी थांबून पाहावं. आपल्याकडे चढाईला गेलेला पोरगा लागोपाठ दोनदा पकडला गेला की बाहेरून आरडाओरड सुरू होते आणि तिसऱ्या वेळी त्याला पाठवत नाहीत. पाठवलाच तर तो निदान रेषेला पाय लावून परत येतो, कारण रिकाम्या हाताने परतणाऱ्याला कुणी शिव्या देत नाही. पकडलं जाणं दिसतं. न घेतलेला धोका कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. अशाने संघात सुरक्षित खेळणारे पुष्कळ होतात आणि सामना काढून देणारा एकही उरत नाही. अर्थात आंधळेपणाने पळणाऱ्याला डोक्यावर घ्या असं मी म्हणत नाही. बेसबॉलमध्ये हिशेब असा आहे की चारातले तीन प्रयत्न यशस्वी होत नसतील तर चोरी तोट्यात जाते. हेंडरसन त्या रेषेच्या वर राहिला. वॉशिंग्टन खाली होता आणि त्याला संघाने सोडलं. पण हिशेब हंगामाचा मांडायचा असतो, एका संध्याकाळचा नाही. गुडघाभर पाण्यात पाग घेऊन उभा राहिलेला माणूस चार वेळा रिकामं जाळं ओढतो म्हणून त्याला कुणी पाण्याबाहेर बोलावत नाही.

हिंमत मुळात माणसात कमी-जास्त असते असं समजण्यापेक्षा तिला जागा किती ठेवली आहे हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे. मेजर लीगमध्ये चोऱ्यांचं प्रमाण अनेक वर्षं घसरत चाललं होतं. आता असे धावक होत नाहीत, आता सगळे होमरनच्या मागे, असं लोक म्हणत. 2023 मध्ये नियम बदलले. पिचरने एका फलंदाजाच्या वेळेत पहिल्या बेसवर दोनदाच फेकायचं किंवा थांबायचं. तिसऱ्यांदा प्रयत्न फसला तर धावकाला पुढचा बेस बहाल. बेसचा आकार 15 इंचांवरून 18 इंच केला. चेंडू टाकायला घड्याळ लावलं. 2022 मध्ये साऱ्या लीगमध्ये 2486 बेस चोरले गेले होते, 2023 मध्ये 3503. खेळाडू तेच होते, पायही तेच. प्रो कबड्डी लीगने लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागेल असा नियम केला, त्यामागेही हाच विचार होता: सुरक्षित खेळणं इतकं स्वस्त ठेवायचं नाही.

गावच्या सामन्यांत आपण मेजर लीगसारखे नियम बदलू शकणार नाही, पण निवड कशी करायची ते आपल्या हातात आहे. खेळाडू निवडताना आपण काय मोजतो? उंची, वजन, ठरावीक अंतराची धाव, शटल रन, उभी लांब उडी, मेडिसिन बॉलची फेक. क्रीडा प्रबोधिनीसाठी याच तऱ्हेच्या चाचण्या असतात, शाळाही त्याच धर्तीवर पोरं निवडतात. या चाचण्या वाईट नाहीत, शरीराची घडण त्यातून कळते. पण या साऱ्या चाचण्यांत समोर माणूस नसतो. शिटी वाजते आणि पोर पळतं. वॉशिंग्टन या सगळ्या चाचण्यांत पहिला आला असता. नेलर पहिल्या फेरीतच घरी गेला असता, आणि आमच्या पुळणीवरचा तो बारीक पोरगाही.

समोर माणूस ठेवून घेता येईल अशी चाचणी अवघड नाही. एका पोराला चेंडू देऊन उभं करा. त्याने मनाला येईल तेव्हा, दोन दिशांपैकी कुठल्याही एका दिशेला चेंडू फेकायचा. दुसऱ्याने पाच मीटरवरून त्याच्याकडे पाहायचं आणि फेक पुढे गेली तर पुढच्या रेषेकडे, मागे आली तर मागच्या रेषेकडे पळायचं. मोबाइलवर सावकाश गतीत चित्रीकरण केलं की कोण फेकणाऱ्याचा हात सुटल्यावर निघालं आणि कोण खांदा वळतानाच निघालं, हे सर्वांना दिसतं. ब्रॉकला त्यासाठी फिल्म धुवून आणावी लागत होती. आज आठवीतल्या पोराच्या खिशात त्याहून चांगला कॅमेरा आहे. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे खेळ महाराष्ट्राच्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत आहेतच. जिथे ते चालतात तिथल्या प्रशिक्षकांनी किनारपट्टीच्या शाळांत येऊन एकदा धावकाचं हे तंत्र दाखवलं तर आमच्या कबड्डीला त्याचा फायदा होईल, आणि आमचे पोरगे त्यांना पायावरचं वजन लपवायची रीत शिकवतील. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू पिचरच्या हातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही, तेव्हा तिथे तर नजरेचंच काम जास्त.

म्हणून देवगड-मालवण पट्ट्यातल्या मंडळांना आणि शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. या मोसमातल्या निदान एका सामन्याचं चित्रीकरण करा, आणि ते फक्त विजेत्यांच्या मिरवणुकीचं नको, चढायांचं करा. दुसऱ्या दिवशी पोरांना गोळा करून दाखवा: पकडला गेलास तेव्हा तुझी कंबर कुठे होती, कोपऱ्याच्या गड्याची टाच कधी उचलली गेली. गावात जे जुने खेळाडू आहेत त्यांना त्या वेळी शेजारी बसवा आणि ते जे बोलतील ते वहीत उतरवून घ्या. आणि दोनदा पकडल्या गेलेल्या पोराला तिसऱ्यांदा पाठवा.